भिंतीपलीकडची बुरशी

येर्नेया बाईंनी टेबलावर पाच पाकिटं ठेवली
आणि म्हणाल्या, काढ. घाई नाही, पण खोटं काढू नकोस.
मी चित्रं काढते. विपावाच्या खोऱ्यात
या कामाचे पैसे सहसा कुणी देत नाही.
हो म्हटलं.

पहिल्यात पीचचं पान, जाड, फुगलेलं,
शिरेपाशी लाल, पिळलेल्या कानासारखं.
दुसऱ्यात प्लम. फळ नव्हे, फळाचं सोंग,
लांबुळकं, आत बाठाच नाही,
कापलं तर नुसती पोकळी.
तिसऱ्यात नदीकाठच्या आल्डरची बोंडं,
खवल्याखवल्यातून तांबडी जीभ काढून दाखवणारी.
मग पॉपलर, पानावर सोनेरी फोड.
आणि भूर्जाची फांदी, तिला फांद्याच फांद्या,
कावळ्यानं अर्ध्यावर सोडलेलं घरटं जणू.

सगळे एका कुळातले, बाई म्हणाल्या.
घर बांधायची अक्कल एकालाही नाही.
इतर बुरश्या छत्र्या उभारतात, कुप्या घडवतात,
हे आपल्या पिशव्या उघड्यावर मांडून बसतात,
पानावर पिठाचा हात फिरल्यासारखे.

काचेखाली डोळे चुरचुरेपर्यंत पाहिलं.
पिशवी, पिशवी, पिशवी.
आत आठ बीजं, कुठे तीच फुटून अगणित.
चौथ्या दिवशी फरक दिसला:
पीचची पिशवी एका छोट्या पेशीवर बसते, पाटावर बसावी तशी.
प्लमचीही पाटावरच, पण अंगानं लांब.
पॉपलरला पाट नाही,
बुडखा थेट पानात रुतवून बसलेली.

माझा भाऊ लोव्रेंत्स भिंतीपलीकडे पीच लावतो.
भिंत छातीइतकी.
अकरा वर्षं तो म्हणतोय,
तुझ्या रोगट प्लममुळे माझ्या बागेत चुरडा-मुरडा येतो.
मार्तिनोव्होच्या रात्री, नवी वाईन डोक्यात गेल्यावर,
त्यानं भिंतीवर वाकलेल्या तीन फांद्या करवतीनं उतरवल्या.
त्याच्या मुलाच्या लग्नाला मी गेले नाही.
त्या दिवशी घरात बसून व्हिनेगरच्या बाटल्या धुतल्या.

बाईंना विचारलं, जातो का हा झाडावरून झाडावर?
प्लमचा पीचवर रुजत नाही, त्या म्हणाल्या,
पीचचा प्लमवर नाही.
भाऊबंद आहेत, पण एकमेकांच्या ताटात जेवत नाहीत.
मग पीचवर येतो कुठून?

येतो कुठला, असतोच.
सालीवर, कळीच्या खवल्यांत,
पावाच्या यीस्टसारखा, एकेकटा,
वर्षभर कुणाचं काही न बिघडवता.
थंड पाऊस आणि उमलती कळी
एका आठवड्यात भेटली, की आत शिरतो.

मी चित्राची नक्कल केली, रेघ न् रेघ.
नोव्हेंबर होता, पानं झडलेली,
नऊ दिवस घोंघावून बुर्या वारा त्याच सकाळी थांबलेला.
लोव्रेंत्स पिंपात मोरचूद आणि चुना ढवळत होता,
कोपरापर्यंत निळा.
कागद भिंतीवर ठेवला, वर दगड.
त्यानं हात न पुसताच उचलला.
बराच वेळ पाहिलं. उलटा केला, सुलटा केला.

हा माझा?
हो.
आणि हा तुझा.
हो.
मग माझा आला कुठून?
तुझा तुझ्याच सालीवर असतो, म्हटलं.
बाबा होते तेव्हाही होता.

तो काही बोलला नाही.
पाठीवर पंप चढवला, आपल्या रांगा फवारल्या, बत्तीस झाडं,
आणि शेवटी उरलेलं निळं पाणी
भिंतीवरून माझ्या प्लमवर मारलं,
त्या तीन कापांवर जरा जास्त वेळ.
मी अडवलं नाही.

संध्याकाळी कागद परत भिंतीवर होता, दगडाखाली.
निळ्या बोटांचे ठसे, पीचच्या पाटावर एक थेंब.
मूळ चित्र कपाटात होतंच, बाईंना द्यायला तयार.
तरी दिवा लावला
आणि पुन्हा काढायला बसले, पहिल्या पिशवीपासून.